रोहित्राच्या पोटातले पोलाद : तापवून लाटलेले आणि थंड लाटलेले

१/
नागपूर जिल्ह्यातील कोणत्याही गावाच्या शिवारात दोन खांबांवर बसवलेली एक राखाडी पेटी दिसते. महावितरणच्या दप्तरी तिचे नाव रोहित्र, गावाच्या तोंडी डीपी. अकरा हजार व्होल्टची वीज ती घराला आणि ओलिताच्या पंपाला झेपेल अशा दाबावर उतरवते. तिच्या पोटात तेल असते, तांब्याची वा ॲल्युमिनियमची गुंडाळी असते आणि पोलादी पत्र्यांचा एक गाभा असतो. तेल गळले की बोलबाला होतो, गुंडाळी जळली की गाव अंधारात जाते. गाभ्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या धाग्याचा विषय तो गाभा, म्हणजे सव्वाशे वर्षांत पालटत आलेला पोलादी पत्रा.

२/
आधी तत्त्व. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये मायकेल फॅरडे याने लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू वा बंद होताच दुसऱ्यात क्षणभर वीज उत्पन्न होई. दोन्ही वेटोळ्यांचा एकमेकांशी तारेने संबंध नव्हता. दुवा होता तो लोखंडातून वाहणाऱ्या चुंबकीय स्रोताचा. आजचे प्रत्येक रोहित्र हे त्याच कड्याचे वंशज. प्रवाह प्रत्यावर्ती असेल, तर लोखंडाचे चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा एका दिशेला आणि ५० वेळा उलट दिशेला फिरते.

३/
या फिरण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती दोन प्रकारची असते. पहिली मंदायनाची, म्हणजे हिस्टेरेसिसची. लोखंडातील चुंबकीय प्रदेश दिशा बदलताना अडखळतात आणि त्या अडखळण्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. दुसरी आवर्त प्रवाहांची. बदलत्या चुंबकत्वामुळे खुद्द लोखंडातच विजेचे भोवरे उठतात आणि गाभा तापतो. दोहोंची बेरीज म्हणजे गाभ्याची हानी. गिऱ्हाईक वीज वापरो वा न वापरो, रोहित्राला दाब मिळत आहे तोवर ही हानी चालूच राहते.

४/
१८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी बंद गाभ्याचे व्यवहार्य रोहित्र घडवले. १८८६ च्या मार्चमध्ये विल्यम स्टॅन्ली याने अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन या गावात रोहित्रांच्या आधारे दिवे लावून दाखवले. अखंड लोखंडाऐवजी पातळ आणि परस्परांपासून विलग केलेल्या तारा वा पत्रे वापरले, तर आवर्त प्रवाहांच्या वाटा तुटतात, हे तोवर उमगले होते. त्या काळचा पत्रा मऊ लोखंडाचा होता आणि त्याला एक खोड होती. कामाच्या उष्णतेने तो म्हातारा होई. काही महिन्यांत त्याची हानी वाढत जाई, कधी कधी तर दुपटीपर्यंत.

५/
या खोडीवरचा उतारा इंग्लंडमधील शेफिल्ड या पोलादनगरीतून आला. रॉबर्ट हॅडफिल्ड याने १८८० च्या दशकात मँगेनीजमिश्रित कणखर पोलाद घडवून नाव मिळवले होते. मँगेनीजशी नागपूरचेही जुने नाते आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनसर, कांद्री, गुमगाव या परिसरातील मँगेनीजच्या खाणी जगाच्या पोलाद व्यापाराशी जोडल्या गेल्या. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मॉइल या कंपनीचे मुख्यालयही नागपुरातच आहे. हॅडफिल्डने मँगेनीजनंतर लोखंडात इतर मूलद्रव्ये मिसळण्याचे प्रयोग चालू ठेवले. त्यांतील एक मूलद्रव्य होते सिलिकॉन, म्हणजे वाळूच्या घडणीतील मुख्य घटक.

६/
हॅडफिल्डच्या मिश्रधातूंचे चुंबकीय गुण डब्लिन येथे विल्यम बॅरेट आणि त्याचा सहकारी ब्राउन यांनी तपासले, आणि १९०० मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. दोन ते चार टक्के सिलिकॉन मिसळले की लोखंडाचा विद्युत रोध कित्येक पटींनी वाढतो. शुद्ध लोखंडाच्या तुलनेत तीन टक्के सिलिकॉनच्या पोलादाचा रोध चौपटीहून अधिक असतो. त्यामुळे आवर्त प्रवाह दबतात. मंदायनाची हानीही कमी होते. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे या पोलादाला म्हातारपण जवळजवळ येत नाही. १९०३ च्या सुमारास जर्मनी आणि अमेरिकेत त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले.

७/
हा पत्रा तापवून लाटला जाई. लाल तापलेल्या पोलादी पट्ट्या दोन बेलणांमधून काढायच्या, मग पत्र्यांवर पत्रे रचून तो थर पुन्हा तापवून लाटायचा, असे करत जाडी सुमारे अर्धा किंवा ०.३५ मिलिमीटरवर आणायची. शेवटी थर सुटे करून पत्रे बंद पेट्यांत घालून भट्टीत मुरवायचे. सिलिकॉन जितके जास्त तितकी हानी कमी. परंतु साडेचार टक्क्यांच्या आसपास पोलाद इतके ठिसूळ होते की कापताना तडकते. पत्रे सुटे सुटे निघत, त्यांची जाडी एकसारखी नसे, पृष्ठभाग खवल्यांचा असे. तरीही या तापवून लाटलेल्या सिलिकॉन पोलादाने जवळजवळ चाळीस वर्षे वीजयुगाचा भार वाहिला.

८/
महाराष्ट्रातील मोठ्या वीजप्रकल्पांचा उगम याच काळातला. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना १९१० ची. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. इतका दाब चढवायचा आणि दुसऱ्या टोकाला उतरवायचा तो रोहित्रांनीच. त्या काळी जगभर रोहित्रांच्या गाभ्यासाठी तापवून लाटलेला सिलिकॉन पत्रा हाच प्रचलित माल होता. नागपुरातही नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी या खासगी कंपनीने शहराला वीज पुरवली.

९/
पोलादाच्या भारतीय इतिहासात नागपूरला एक वेगळे स्थान आहे. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूवैज्ञानिकाने १८८२ मध्ये लिहिलेला अहवाल त्यांच्या मनात घर करून राहिला. १९०४ मध्ये दोराबजी टाटा आणि अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांनी चांद्यातील लोहाऱ्याचा डोंगर धुंडाळला. खनिज उत्तम निघाले; परंतु जवळचा कोळसा पोलादाच्या भट्टीस योग्य नव्हता. निराश दोराबजी नागपूरला आले. तेथे सरकारी अधिकाऱ्याची वाट पाहत असताना ते सहज वस्तुसंग्रहालयात शिरले.

१०/
त्या संग्रहालयाला, म्हणजे अजब बंगल्याला, १८६३ पासूनचा इतिहास आहे. तेथे टांगलेल्या भूवैज्ञानिक नकाशात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग गडद रंगवलेला दोराबजींना दिसला. त्या खुणेने शोध ढल्ली-राजहराच्या लोहडोंगरांकडे वळला. पुढे प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंजचे साठे समोर आले, कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला आणि १९१२ मध्ये पोलादाचे पहिले ठोकळे निघाले. राजहराचे खनिज कालांतराने भिलाईच्या कारखान्याला मिळाले. खनिज होते, भट्टी होती. परंतु रेल्वेचा रूळ घडवणे आणि रोहित्राचा पत्रा घडवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसऱ्या विद्येला भारतात पुष्कळ काळ लागला.

११/
तापवून लाटलेल्या पत्र्याची मर्यादा समजण्यासाठी धातूच्या आत डोकवावे लागते. पोलाद एकसंध दिसते, पण ते असंख्य बारीक स्फटिककणांचे बनलेले असते. प्रत्येक कणात लोखंडाचे अणू घनाकृती रचनेत बसलेले असतात. तापवून लाटलेल्या पत्र्यात हे घन वाटेल तसे पडलेले असतात; कोणाची कड उभी, कोणाची आडवी, कोणाचा कर्ण समोर. पत्रा सर्व दिशांना साधारण सारखाच वागतो. पण कोणत्याही दिशेला पाहिले तरी बरेच कण चुंबकीय स्रोताच्या वाटेत आडवे आलेले असतात.

१२/
हे आडवे येणे किती महाग पडते, हे १९२६ मध्ये जपानमधील सेंडाई येथे होंडा आणि काया या संशोधकांनी दाखवले. त्यांनी लोखंडाचा एकच सलग स्फटिक घेऊन त्याला वेगवेगळ्या दिशांनी चुंबकत्व दिले. घनाच्या कडेच्या दिशेने लोखंड सर्वांत सहज चुंबकित होते. घनाच्या आरपार जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने सर्वांत कष्टाने. निष्कर्ष उघड होता. पत्र्यातील सगळे घन एका शिस्तीत, कडा एकाच दिशेला करून बसवता आले, तर त्या दिशेने हानी विलक्षण घटेल. अब्जावधी कणांना अशी शिस्त लावायची कशी, हा प्रश्न उरला.

१३/
उत्तर अमेरिकेतील ओहायो राज्यातून आले. नॉर्मन गॉस याने १९३३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्याची रीत थोडक्यात अशी. सुमारे तीन टक्के सिलिकॉनचे पोलाद आधी तापवून लाटायचे, मग थंड अवस्थेत मोठ्या दाबाखाली लाटायचे, मध्ये एकदा भट्टीत मुरवायचे, पुन्हा थंड लाटायचे आणि शेवटी उच्च तापमानाला दीर्घकाळ मुरवायचे. या पत्र्याचे चुंबकीय गुण लाटण्याच्या दिशेने अपूर्व चांगले निघाले. त्यातील स्फटिकरचनेला आजही गॉसचेच नाव आहे.

१४/
आत काय घडते, याचा उलगडा हळूहळू झाला. १९३५ मध्ये बोझॉर्थ याने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले की या पत्र्यातील घनांच्या कडा खरोखरच लाटण्याच्या दिशेला समांतर आहेत. १९५८ मध्ये मे आणि टर्नबुल यांनी त्यामागची किल्ली सांगितली. पोलादात विखुरलेले मँगेनीज सल्फाइडचे सूक्ष्म कण सामान्य स्फटिकांची वाढ रोखून धरतात. तापमान वाढत जाते तसा हा अडसर सुटतो, आणि योग्य दिशेला बसलेले मोजके स्फटिक शेजाऱ्यांना गिळत झपाट्याने वाढतात. शेवटी पत्र्यावर मिलिमीटरांत, क्वचित सेंटिमीटरांत मोजावेत इतके मोठे कण उरतात, आणि जवळजवळ सर्वांचे तोंड एकीकडे असते.

१५/
शेवटची भट्टी सुमारे १२०० अंश सेल्सियसची असते आणि तिच्यात हायड्रोजन वायू खेळवलेला असतो. तो पोलादातील गंधकासारखी अशुद्धी काढून टाकतो. ज्या सल्फाइडने शिस्त लावली, त्याचेच काम संपल्यावर उच्चाटन होते. भट्टीत जाण्यापूर्वी पत्र्यावर मॅग्नेशियम ऑक्साइडचा लेप दिलेला असतो. तो पोलादाच्या पृष्ठभागावरील सिलिकाशी संयोग पावून काचेसारखा पातळ थर बनतो. तोच थर पत्र्यापत्र्यांतील विद्युत विलगीकरणाचे काम करतो. जुन्या पत्र्यांना त्यासाठी कागद चिकटवावा लागे वा वॉर्निश फासावे लागे.

१६/
या मालाचे कारखानदारीतले नाव सीआरजीओ, म्हणजे शीत-लाटित कणाभिमुख पोलाद. नावात ‘थंड’ हा शब्द आधी येतो म्हणून गैरसमज होतो. नुसते थंड लाटल्याने पत्रा कणाभिमुख होत नाही. नागपूरजवळ कळमेश्वर येथे १९८० च्या दशकात निप्पॉन डेन्रो इस्पात या कंपनीचा पत्र्यांचा कारखाना उभा राहिला. तेथील ओळख जस्तलेपित पत्र्याची, छपरांवर दिसणाऱ्या मालाची. मऊ पोलाद थंड लाटल्याने पत्रा गुळगुळीत आणि नेमक्या जाडीचा होतो. कणांची शिस्त येते ती सिलिकॉन, रोधक कण, लाटण्याचे नेमके प्रमाण आणि शेवटची भट्टी या सर्वांच्या मेळाने. एक पायरी चुकली तर सगळा कॉइल वाया जातो.

१७/
आता दोहोंची तुलना. पहिला मुद्दा हानीचा. १.५ टेस्ला इतक्या चुंबकीय घनतेला आणि ५० हर्ट्झला चांगल्या तापवून लाटलेल्या ०.३५ मिलिमीटर पत्र्याची हानी किलोमागे साधारण अडीच वॅट. त्याच कसोटीवर ०.२७ मिलिमीटरच्या प्रचलित सीआरजीओची हानी किलोमागे एक वॅटहून कमी. म्हणजे तितक्याच वजनाचा गाभा निम्म्याहूनही कमी वीज खातो. १९६८ मध्ये जपानच्या यावाता पोलाद कंपनीने ॲल्युमिनियम नायट्राइडच्या आधारे कणांची शिस्त आणखी काटेकोर करून हाय-बी हा प्रकार बाजारात आणला. त्याने हा आकडा आणखी खाली नेला.

१८/
दुसरा मुद्दा आकाराचा. तापवून लाटलेल्या पत्र्याचा गाभा अभियंते साधारण १.३ ते १.४५ टेस्लापर्यंत वापरत. त्यापुढे चुंबकनाचा प्रवाह आणि हानी भरमसाट वाढे. सीआरजीओचा गाभा १.६ ते १.७ टेस्लापर्यंत सहज चालतो. गुंडाळीच्या एका वेढ्यामागे मिळणारा दाब हा गाभ्याचे क्षेत्रफळ आणि चुंबकीय घनता यांच्या गुणाकारावर ठरतो. घनता १.३५ वरून १.७ वर नेली, तर तितक्याच दाबासाठी क्षेत्रफळ सुमारे पाचव्या हिश्शाने कमी पुरते. गाभा बारीक झाला की त्याभोवतीचा प्रत्येक वेढा आखूड होतो, तांबे कमी लागते, टाकी लहान होते आणि तेलही कमी लागते.

१९/
तिसरा मुद्दा दिशेचा, आणि येथे जुना पत्रा सोपा ठरतो. तापवून लाटलेला पत्रा कोणत्याही बाजूने कापा, फरक थोडा. सीआरजीओमध्ये चुंबकीय स्रोत लाटण्याच्या दिशेला आडवा गेला, तर हानी सुमारे तिप्पट होते. म्हणून पट्ट्या लांबीच्याच दिशेने कापाव्या लागतात. गाभ्याच्या कोपऱ्यांत, जेथे उभा खांब आडव्या पट्टीला मिळतो, तेथे सुताराच्या चौकटीसारखा ४५ अंशांचा तिरपा सांधा द्यावा लागतो. जुन्या गाभ्यांत काटकोनी सांधे चालून जात. पुढे सांध्यांची जागा प्रत्येक थराला किंचित सरकवण्याची पायरीची रीत आली आणि गाभ्याची हानी व गुणगुण दोन्ही घटली.

२०/
चौथा मुद्दा हाताळणीचा. सीआरजीओ नाजूक असते. वाकवले, आपटले, बोथट पात्याने कापले, की स्फटिकरचनेवर ताण येतो आणि हानी वाढते. म्हणून काही प्रकारच्या गाभ्यांना कापणीनंतर सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत पुन्हा मुरवून ताण उतरवतात. गाभा आवळण्यासाठी पूर्वी पत्र्यांना भोके पाडून आरपार बोल्ट घालत. भोकाभोवती स्रोत वळसा घेतो आणि दिशा चुकते. म्हणून मोठ्या रोहित्रांत भोकांऐवजी बाहेरून पट्टे आवळण्याची पद्धत रूढ झाली. नवा पत्रा आला तसे गाभा बांधण्याचे सारे कसबही बदलावे लागले.

२१/
मग तापवून लाटलेल्या पत्र्याला काहीच जागा उरली नाही काय? तो स्वस्त होता, साध्या यंत्रांवर निघत होता आणि सर्व दिशांना सारखा वागत होता. मोटर आणि जनित्र यांत चुंबकीय स्रोत फिरत राहतो, त्यामुळे तेथे एका दिशेची शिस्त कामाची नाही. तेथे असा समदिश पत्राच हवा. कालांतराने ती जागाही थंड लाटलेल्या परंतु कणाभिमुख नसलेल्या सीआरएनओ पोलादाने घेतली. कारण त्याची जाडी नेमकी, पृष्ठभाग गुळगुळीत आणि माल सलग कॉइलमध्ये मिळतो. तरीही छोट्या चोक, वेल्डिंगचे संच, स्वस्त स्टॅबिलायझर अशा किरकोळ कामांत जुना पत्रा बराच काळ टिकून राहिला.

२२/
भारतात रोहित्रांची निर्मिती १९३० च्या दशकात म्हैसूर संस्थानच्या बंगळूर येथील सरकारी विद्युत कारखान्यात सुरू झाली. १९४६ मध्ये त्याच शहरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी राहिली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेडोपाडी तारा पोचू लागल्या. नागपूरच्या परिसरात खापरखेड्याचे औष्णिक केंद्र आधीपासून होते. १९७४ मध्ये कोराडीचा पहिला संच सुरू झाला. विदर्भाचा कोळसा वीज होऊन पश्चिमेकडे जाऊ लागला. वाटेत प्रत्येक युनिट अनेक रोहित्रांच्या गाभ्यांतून जाते, आणि प्रत्येक गाभा आपला वाटा कापून घेतो.

२३/
तो वाटा किती, याचा हिशेब अवघड नाही. भारतीय मानकांत १०० केव्हीए क्षमतेच्या वितरण रोहित्रासाठी गाभ्याच्या हानीची जुनी प्रचलित मर्यादा २६० वॅट होती. वर्षाचे तास ८,७६०. गुणाकार सुमारे २,२७८ युनिट. गाभ्याचा पत्रा हलका निघाला आणि हानी दुप्पट झाली, तर तितकेच युनिट दरवर्षी अधिक जातात. २५ वर्षांच्या आयुष्यात जवळजवळ ५७ हजार. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे एका हलक्या गाभ्यापायी वर्षाला टनाहून अधिक कोळसा वाया जातो. त्याची राख कोराडी-खापरखेड्याच्या भोवतालच्या गावांनाच सोसावी लागते.

२४/
यात शेतीच्या रोहित्रांची गोष्ट आणखी वेगळी. संत्र्याच्या वा कपाशीच्या पट्ट्यात पंप दिवसातले काही तास आणि वर्षातले काही महिने चालतात. गुंडाळीची हानी भार असेल तेव्हाच होते. गाभ्याची हानी भार नसतानाही होते. जो रोहित्र बहुतांश वेळ रिकामा उभा असतो, त्याच्या बाबतीत गाभ्याचा दर्जा हाच मुख्य खर्च ठरतो. म्हणूनच सुज्ञ खरेदीदार निविदा उघडताना केवळ किंमत पाहत नाहीत. गाभ्याच्या हानीच्या प्रत्येक वॅटला आयुष्यभराचा रुपयांतला भाव लावून तो किमतीत मिळवतात. या पद्धतीत स्वस्त रोहित्र पुष्कळदा महाग निघते.

२५/
कणाभिमुख पोलाद बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. महाराष्ट्रात हे काम नाशिकजवळ चालते. रेमंड समूहाचा पोलाद विभाग २००० मध्ये जर्मन थायसेनक्रुपकडे गेला. त्यांचा नाशिकचा कारखाना गेल्या दशकात देशातील एकमेव कणाभिमुख पोलाद उत्पादक म्हणून ओळखला जात असे. २०२५ च्या आरंभी तो जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांच्या संयुक्त कंपनीने घेतला. तथापि, देशाची गरज या एका कारखान्याच्या आवाक्यापलीकडची आहे. उरलेला माल जपान, कोरिया, चीन, रशिया, युरोप येथून येत आला आहे. नागपूरच्या नकाशापासून पोलादाचा शोध घेणाऱ्या देशाला रोहित्राचा पत्रा आजही मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणावा लागतो.

२६/
टंचाईतून एक जुने दुखणे जन्मले. परदेशात मोडीत काढलेल्या रोहित्रांचे गाभे भंगार म्हणून येत, पुन्हा कापले जात आणि नव्या वितरण रोहित्रांत बसत. अशा पत्र्याचा लेप खरवडलेला असतो, कडांवर कापणीचा ताण असतो, वेगवेगळ्या जाडीचा आणि दर्जाचा माल एकत्र झालेला असतो. बाहेरून रंगवलेली टाकी नवी दिसते; हानी मात्र मोजल्याखेरीज कळत नाही. याला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने विद्युत पोलादावर भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे केले. २०१० पासून वितरण रोहित्रांना ऊर्जा कार्यक्षमतेचे तारांकन आले, आणि २०१४ च्या सुधारित मानकाने हानीच्या मर्यादा स्तरांत बांधल्या.

२७/
स्पर्धक आणखी एक आहे. वितळलेला धातू क्षणार्धात गोठवला तर स्फटिक बनण्याआधीच तो घट्ट होतो. असा अस्फटिकी धातू १९८० च्या दशकापासून वितरण रोहित्रांत वापरात आला. त्याची फीत कागदाहूनही पातळ, सुमारे पाव दशांश मिलिमीटर, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर असते. गाभ्याची हानी सीआरजीओच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशापर्यंत उतरते. पण ती ठिसूळ असते, चुंबकीय घनता कमी पेलते आणि गाभा आकाराने मोठा होतो. गंमत अशी की गॉसने कणांना शिस्त लावून जे साधले, ते येथे कण नाहीसे करून साधले जाते.

२८/
सारांश असा. तापवून लाटलेल्या सिलिकॉन पत्र्याने रोहित्राचे म्हातारपण थांबवले आणि खोपोलीची वीज मुंबईला नेण्याचे युग शक्य केले. थंड लाटलेल्या कणाभिमुख पत्र्याने तेच काम निम्म्याहून कमी हानीत आणि लहान देहात करून दाखवले. त्याबदल्यात कापणीपासून सांध्यापर्यंत काटेकोरपणा मागितला. गावाने डीपीसाठी अर्ज केला, ती आली आणि दिवे लागले, की काम झाले असे वाटते. पण त्या पेटीवरील पाटीवर क्षमतेबरोबर हानीचा स्तरही लिहिलेला असतो. पुढच्या पंचवीस वर्षांचा कोळसा, राख आणि वीजबिल त्या एका ओळीत दडलेले असते, आणि ती ओळ कोणालाही वाचता येते.